गुड मॉर्निंग, सिस्टर

सेंट मार्था कॉन्व्हेंट ही खरं तर मुलींची शाळा. पण चौथीपर्यंत तिथं मुलगे चालायचे. दहा वर्षांच्या आतला मुलगा अजून पुरता मुलगा झालेलाच नसतो, असा काहीतरी सिस्टर लोकांचा हिशेब असावा. चौथीची परीक्षा झाली की वर्गातल्या मुली जिना चढून वर हायस्कूलमध्ये जायच्या आणि मुलगे गेटच्या बाहेर.

संगमेश हत्तरकीच्या वर्षी असे अकरा मुलगे बाहेर पडले. निरोपाच्या दिवशी सिस्टर इमेल्डांनी प्रत्येकाच्या हातात एक केळं आणि एक प्रार्थनेचं कार्ड ठेवलं. सिस्टर प्रायमरीच्या मुख्याध्यापिका. मूळच्या मंगळूरच्या, पण तीस वर्षं कोल्हापुरात काढल्यानं त्यांची मराठी पार इथलीच होऊन गेली होती.

"रडतोस कशाला रे? फादरच्या शाळेत काय वाघ हायत काय?"

"न्हाईत," संगमेश नाक ओढत म्हणाला.

"मग? केळं खा आणि घरला जा."

त्या शाळेनं सात वर्षांत त्याला बरंच काही शिकवलं होतं. डबा उघडायच्या आधी मांडीवर नॅपकिन पसरायचा. मोठं माणूस वर्गात आलं की उभं राहून, हात जोडून, सुरात नमस्कार म्हणायचा. आणि थ्रोबॉल. शाळेचं मैदान एवढंसं, त्याच्या कडेला चॅपल आणि चॅपलच्या खिडक्यांना रंगीत काचा. म्हणून नियमच होता की चेंडूला पाय लावायचा नाही. पोर चालायला लागलं की पेठेतलं कुणीतरी त्याच्या पायाशी फुटबॉल सरकवतं, अशा या गावात संगमेश दहा वर्षांचा झाला तरी त्यानं फुटबॉलला एकदाही लाथ मारली नव्हती. हातानं मात्र तो आणि त्याची बाकावरची जोडीदारीण शांभवी कसलाही चेंडू झेलायचे. थ्रोबॉलच्या नियमाप्रमाणे झेलला की तीन सेकंदांत, एका हातानं, खांद्यावरून परत फेकायचा. चेंडू जमिनीला टेकला की खेळ खलास. हे दोघांच्या अंगात इतकं मुरलं होतं की शांभवीनं खोडरबर मागितला तरी तो तीन सेकंदांत, खांद्यावरूनच यायचा.

संगमेशचं घर गंगावेशीत. खाली वडिलांचा चटणीचा डंक, वर राहायची जागा. उन्हाळ्यात अर्धा गाव वर्षाची चटणी कुटायला तिथं रांग लावायचा, आणि त्या दोन महिन्यांत घरातल्या सगळ्यांच्या कपड्यांना, अंथरुणांना, वह्यापुस्तकांना मिरचीचा वास लागायचा तो पावसाळा सरेपर्यंत जात नसे. त्या मेमध्ये डंकावर आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला वडील, शिवकुमार, सांगत होते, "पोरगं फादरच्या शाळेत चाललंय आता. फुल पँट!"

आजीला सगळे अव्वा म्हणायचे. ती कानडी मुलखाला लागून असलेल्या नेसरीकडची. तिला फुल पँटीचं फारसं कौतुक नव्हतं. "तिथं सिस्टर न्हाईत म्हणं," ती म्हणाली. "मग पोरांचं ऊटा झालं का न्हाई, जेवली का न्हाईत, ते कोण बघतंय?"

"कोण न्हाय बघत, अव्वा," शिवकुमार म्हणाले. "तिथं आपलं आपण जेवायचं."

संगमेशनं गुपचूप जुना नॅपकिन नव्या दप्तरात घालून ठेवला.

जून उजाडला. सेंट जेरोम हायस्कूल म्हणजे तीन मजल्यांची दगडी इमारत आणि पुढं भलंमोठं मैदान. अकरांतले दोघे पाचवी 'अ'मध्ये गेले, बाकीचे दुसऱ्याच शाळांत पांगले आणि पाचवी 'ब'मध्ये संगमेश एकटा पडला. वर्गात बासष्ट मुलगे. बासष्ट मुलगे एकदम बोलायला लागले की डंकाची सगळी मुसळं एकत्र चालल्यापेक्षाही मोठा आवाज होतो, हे त्याला पहिल्या पाच मिनिटांतच कळलं. त्याच्या बाकावर मंगळवार पेठेतला राजवीर म्हणून एक दांडगा मुलगा बसला. बसल्या बसल्या तो तीनदा शिंकला.

"काय वास यालाय रं तुझ्या दप्तराला?"

"मिरचीचा."

"दप्तरात मिरची आणलाईस?"

संगमेश उत्तर देणार तेवढ्यात मागचं दार उघडलं आणि मुख्याध्यापक फादर बॅप्टिस्ट आत आले. सहा फूट उंच, छातीपर्यंत करडी दाढी, पायघोळ पांढरा झगा. वर्ग जागच्या जागी गप्प झाला. बाकीचे इथल्याच प्रायमरीतून आलेले, त्यांना या शाळेची रीत माहीत होती, ती म्हणजे नुसतं उभं राहायचं. संगमेशच्या कानावर दाराचा आवाज पडला, डोळ्यांच्या कडेला पांढरा झगा दिसला आणि पुढचं सगळं सात वर्षांच्या सवयीनं केलं. तो उभा राहिला, हात जोडले, आणि खणखणीत आवाजात, सुरात म्हणाला,

"गुऽड मॉर्निंग, सिस्टर! गॉऽड ब्लेस यू, सिस्टर!"

एकट्याचाच आवाज. अख्ख्या वर्गात दुसरा आवाज नाही.

फादर थांबले. त्यांनी आपल्या दाढीवरून सावकाश हात फिरवला, जणू ती जागेवर आहे ना याची खात्री करून घेत होते.

"गुड मॉर्निंग, माय चाइल्ड," ते गंभीरपणे म्हणाले. "तुलाही गॉड ब्लेस."

मग वर्ग जो फुटला तो फुटला. शेजारच्या वर्गातले सर काय झालं म्हणून बघायला आले. राजवीर तर बाकाखाली गेला आणि तिथंच शिंकत, हसत राहिला. मधल्या सुट्टीपर्यंत पाचवी 'अ'ला कळलं होतं, शाळा सुटेपर्यंत दहावीला. दुसऱ्या दिवशी सकाळी गेटवर सायकल लावताना एक मिशी फुटलेला मुलगा त्याला अदबीनं म्हणाला, "गुड मॉर्निंग, सिस्टर."

पुढचा महिना संगमेशनं ते नाव पुसायच्या खटपटीत घालवला. नॅपकिन दप्तराच्या तळाशी गेला. दांडग्या पोरांसारखं खांदे ताठ करून, पाय फाकवून चालायची त्यानं गॅलरीत तालीम केली. आईला वाटलं, नव्या पँटीनं मांड्या घासताहेत, आणि तिनं खोबरेल तेल आणून दिलं. एकदा त्यानं जेवताना मोठ्यानं "आयला" म्हणून बघितलं. अव्वानं हातातला पळीचा दांडा दाखवला, तेव्हा तेही बंद झालं. यातलं काहीच लागू पडलं नाही. हजेरी घेताना संगमेश हत्तरकी म्हटलं की मागून कुणीतरी बारीक आवाजात सूर लावायचंच. खेळाच्या तासाला पोटात दुखतंय सांगून तो मैदानाच्या कडेला कट्ट्यावर बसून राहायचा, कारण तिथं सगळे फुटबॉल खेळायचे आणि आपल्याला लाथसुद्धा मारता येत नाही हे कळलं तर आणखी कुठलं नाव पडेल कोण जाणे.

जुलैतल्या एका शनिवारी शाळा लवकर सुटली. घरी जायच्याऐवजी त्याची सायकल आपसूक सेंट मार्थाच्या रस्त्याला लागली. गेटवर तेच जुने वॉचमनमामा होते. त्यांनी त्याला ओळखलं, पाठीवर थाप मारली, पण गेट काही उघडलं नाही.

"आत न्हाय सोडता येत, राजा. पाचवीपासनं पोरं आत न्हाईत. नियम हाय."

"मामा, मीच हाय की."

"तू हाईस म्हणून तर सांगालोय. दुसरा असता तर हाकलला असता."

संगमेश गजांना नाक लावून उभा राहिला. आत मुली थ्रोबॉल खेळत होत्या. शांभवी दिसली. वर हायस्कूलमध्ये गेल्यापासून तिचा युनिफॉर्म बदलला होता, निळ्याचा करडा झाला होता, आणि ती त्यात दोन वर्षांनी मोठी वाटत होती. तिनं त्याला बघितलं आणि खेळ सोडून पळत गेटपाशी आली.

"काय रे, किती वाळलाईस!"

त्यानं गजांतूनच तिला सगळं सांगितलं. दाढी, झगा, सिस्टर, गेटवरचा मिशीवाला. त्याला वाटलं होतं, ती हळहळेल. ती तोंडावर हात दाबून खिदळत राहिली.

"हसतीस काय?"

"मग काय रडू? अरे, मला काय म्हणतात म्हाईत हाय? खारीक. दुसऱ्या शाळेतनं चाळीस पोरी आल्यात आमच्यात, त्यातल्या एकीनं पैल्याच दिवशी नाव ठेवलं. वरच्या मजल्यावरच्या ताया आम्हाला जिन्यात कडेनं चालायला लावत्यात. प्रायमरीत आपण सगळ्यात मोठं होतो. आता सगळ्यात बारकं."

हे संगमेशच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्याला वाटत होतं, त्याला एकट्यालाच बाहेर काढलंय. आत राहिलेल्यांचं सगळं होतं तसंच असणार.

"मग तू काय केलीस?"

"काय करायचं? खारीक म्हटलं की ओ देती. चार दिवसांनी त्यांनाच कंटाळा आला. तू आपलं तोंड पाडून बसलाईस म्हणून त्यांना मजा येत असंल."

एवढ्यात सिस्टर इमेल्डा व्हरांड्यातून येताना दिसल्या. वॉचमनमामा घाईनं गेटपुढं आडवे झाले. सिस्टरनी चष्म्यावरून संगमेशकडं बघितलं.

"आत घेता येत न्हाय तुला. नियम मीच केलाय, आणि मीच मोडला तर उद्या अकराच्या अकरा येतील." मग त्या मामांना म्हणाल्या, "मला बाहेर जायला बंदी न्हाय ना? उघड."

आणि त्या रस्त्यावर येऊन, फूटपाथवर, त्याच्या सायकलीशेजारी उभ्या राहिल्या.

"कळलंय मला सगळं," त्या म्हणाल्या. "फादर बॅप्टिस्टांनी त्याच दिवशी फोन केलता."

संगमेशचे कान लाल झाले. "तक्रार केली?"

"तक्रार? मला विचारालते, तुमच्यातली सगळीच पोरं अशी हायत, का हे एकच असलं? म्हणाले, बत्तीस वर्षं शाळेत काढली, पोरं उठून उभी राहत्यात, पण मला कुणी आशीर्वाद दिला नव्हता. दिवसभर बरं वाटलं म्हणे." सिस्टरनी चष्मा काढून पुसला. त्यांचे खांदे हलत होते. "दाढीचं सांगितलं तेव्हा मात्र मला फोन धरवेना बघ."

त्यांनाही हसू आवरेना आणि गजांपलीकडून शांभवीलाही. शेवटी नाइलाजानं संगमेशही हसला. महिनाभरात पहिल्यांदाच.

सोमवारी खेळाचा तास होता. पोटाचं कारण सांगून संगमेश कट्ट्यावर बसला होता, पण आज वाकून वहीत न बघता खेळ बघत होता. पाचवी 'अ'बरोबर शनिवारी मॅच ठरली होती आणि 'ब'चा गोलकीपर गालगुंडं होऊन घरी होता. राजवीर कॅप्टन. तो एकेकाला गोलात उभं करून बघत होता आणि एकेकावर ओरडत होता. चिडून त्यानं शेवटी एक किक अशी मारली की चेंडू गोलाच्या बाहेरून थेट कट्ट्यावर आला. संगमेशनं बसल्या जागी डावा हात वर केला, चेंडू हातात बसला आणि तीन सेकंद व्हायच्या आत खांद्यावरून परत गेला. अर्धं मैदान ओलांडून राजवीरच्या पायाशी पडला.

राजवीर चेंडूकडं बघत राहिला. खेळाचे आकाराम सर शिट्टी तोंडातून काढून कट्ट्याकडं आले.

"पोटात दुखतंय न्हवं तुझ्या?"

"व्हय, सर."

"हाताला काय झालंय?"

"काय न्हाय, सर."

"मग ऊठ. गोलात पोटाचं काम न्हाय."

राजवीरनं त्याला दहा किक मारल्या. संगमेशनं नऊ झेलल्या, आणि प्रत्येक वेळी चेंडू हातात थांबला नाही, आला तसा गेला. दहावी खांबाला लागली. राजवीर त्याच्याजवळ आला, शिंकला आणि म्हणाला, "सिस्टर, तू शनवारी खेळालाईस."

"मला लाथ मारता येत न्हाय."

"कोण मार म्हणालंय? तू फक्त धर."

शनिवारी मैदानावर चिखल होता आणि कडेला दोन्ही वर्ग. फादर बॅप्टिस्ट झगा घोट्यापर्यंत उचलून, छत्री घेऊन उभे. संगमेश गोलात जाताच 'अ'च्या पोरांनी सुरात सुरुवात केली, "गुऽड मॉर्निंग, सिस्टर!" मग पहिली किक आली आणि हातांनी आपलं काम केलं. दुसरी आली. तिसरी तर उडी मारून धरली आणि चिखलात पडल्या पडल्याच फेकली. ती मधल्या रेषेपलीकडं राजवीरला मिळाली. 'अ'ची पोरं अजून पुढंच होती, मागं कुणीच नव्हतं. राजवीरनं गोल केला.

"सिस्टर! सिस्टर! सिस्टर!" हे आता 'ब'ची पोरं ओरडत होती. शब्द तोच, पण कानाला अगदी वेगळा लागत होता. संगमेशनं मान वर करून चक्क हात हलवला.

मध्यंतरानंतर 'अ'नं एक गोल फेडला, त्यात त्याची चूक नव्हती. चेंडू आपल्याच एका पोराच्या गुडघ्याला लागून वळला होता. एकास एक. पाच मिनिटं उरली. 'अ'च्या एका बारक्या पोरानं लांबून किक मारली, जोरही नव्हता. चेंडू गोलापुढं दहा पावलांवर टप्पा पडून थांबत थांबत येऊ लागला.

आणि संगमेश सरळ उभा राहिला. हात खाली सोडले. चेंडू जमिनीला टेकला होता. सात वर्षांच्या सवयीप्रमाणे खेळ खलास झाला होता. पॉइंट कुणाला, हे बघायला त्यानं सरांकडं वळून बघितलं. चेंडू त्याच्या दोन पायांमधून लोळत लोळत आत गेला.

"अरे सिस्टऽऽर!" बासष्टांतले साठजण ओरडले.

मॅच गेली. दोनास एक. संगमेश खांबाला टेकून चिखलात बसला. आता सोमवारपासून शाळेत यायचंच नाही, वारणानगरला मामाकडं राहून तिथल्या शाळेत जायचं, असा बेत त्यानं तेवढ्यात पक्का केला. राजवीर चिखल तुडवत त्याच्यासमोर येऊन उभा राहिला.

"का थांबलास?"

"टप्पा पडला न्हवं. थ्रोबॉलमध्ये टप्पा पडला की संपलं."

ओरडायला म्हणून राजवीरनं तोंड उघडलं होतं, पण त्यातून हसूच बाहेर आलं. पोट धरून तो संगमेशशेजारी चिखलात बसला.

"म्हणजे तू... पॉइंट कुणाला बघालतास?"

"व्हय."

"आणि आधीच्या सगळ्या धरलास त्या?"

"त्या टेकल्या न्हवत्या."

"आयला," राजवीर म्हणाला. त्याच्या तोंडी तो शब्द अगदी शोभत होता. "टप्प्याचं शिकवायला एक दिवस पुरं हाय. हात कुठनं शिकवणार? उद्या ऐतवार. येतो सकाळी."

संगमेशला वाटलं, बोलला असेल उगाच. पण रविवारी सकाळी साडेसातला तो खरंच आला. काखेत चेंडू, गंगावेशीत चौकशी करत करत डंकापर्यंत. दारात अव्वा कोथिंबीर निवडत बसली होती.

"सिस्टर हाय काय घरात?" राजवीरनं विचारलं आणि शिंकला.

अव्वानं त्याला आपादमस्तक न्याहाळलं. "सिस्टर? इथं डंक हाय, बाळा. सिस्टर तिकडं चर्चात."

"तसली न्हाय. आमचा सिस्टर."

"तुमचा असंल. आमच्यात कोण न्हाय."

"पाचवी 'ब'चा गोली!"

"गोळी नगं आम्हाला. कालच डॉक्टरकडनं आणल्यात."

वर गॅलरीत दात घासत असलेल्या संगमेशनं हे सगळं ऐकलं. घरात हे नाव कुणालाच माहीत नव्हतं. दीड महिना त्यानं ते जिवापाड लपवलं होतं. आपण गप्प बसलो तर राजवीर परत जाणार, हे उघड होतं. त्यानं चूळ भरली आणि कठड्यावरून वाकून ओरडला,

"अव्वा, मीच त्यो! मलाच म्हणत्यात सिस्टर!"

अव्वानं वर बघितलं, मग राजवीरकडं, मग परत वर.

"असू दे," ती म्हणाली. "न्याहारी करून जा. आणि हे पावणं बी उपाशी दिसत्यात. या, बसा."

राजवीरनं भाकरीचे चार तुकडे लालभडक चटणीत बुडवून खाल्ले, घामाघूम झाला, पण शिंका थांबल्या. मग दोघं मैदानावर गेले. राजवीरनं चेंडू ओल्या गवतात ठेवला आणि मागं सरला.

"मार."

"कसा?"

"चप्पल पायातनं उडत असंल तशी मार. काचाबिचा न्हाईत हितं."

संगमेश धावत आला आणि त्यानं आयुष्यात पहिल्यांदा चेंडूला लाथ मारली. ती अंगठ्यावर बसली. चेंडू पुढं जायच्याऐवजी आडवा उडाला, सायकलस्टँडवर आपटला आणि चार सायकली एकीवर एक आडव्या झाल्या. राजवीर गवतात लोळला. संगमेश लंगडत जाऊन चेंडू घेऊन आला आणि न विचारता पुन्हा त्याच जागी ठेवला.

दुपारी बारापर्यंत त्यानं किती लाथा मारल्या याचा पत्ता नाही. त्यातल्या चारपाच सरळ गेल्या. घरी आला तेव्हा उजवा अंगठा टम्म सुजला होता आणि अव्वानं त्यावर हळद लावून फडकं बांधलं. संध्याकाळी त्यानं वडिलांचा मोबाइल मागून शांभवीला फोन केला आणि मॅचपासून अंगठ्यापर्यंत सगळं एका दमात सांगितलं.

"डावा पाय बरा हाय न्हवं?" तिनं विचारलं.

"व्हय."

"मग उद्या डाव्यानं मार की."